मधोमध भोक पाडू नका

स्पीकरची पेटी करणाऱ्याला घन आकार मनापासून आवडतो. फळ्या जवळपास एका मापाच्या, प्लायवूड फारसं वाया जात नाही, आणि कर्णरेषा आखल्या की भोकाची जागा आपोआप सापडते. आवाजाच्या दृष्टीनं मात्र याहून वाईट पेटी करणं अवघड.

अमेरिकेतल्या आरसीए कंपनीच्या हॅरी ओल्सन यांनी १९५१ साली हे मोजून दाखवलं. बारा आकारांच्या पेट्या त्यांनी तपासल्या: गोल, अर्धगोल, दंडगोल, शंकू, पिरॅमिड वगैरे. गोलाचा आलेख जवळजवळ सपाट आला. घनाचा मात्र दहा डेसिबलच्या आसपास वरखाली होत राहिला.

यामागचं कारण कडांत आहे. स्पीकरमधून निघालेली लाट पेटीच्या तोंडावरून पसरत कडेपाशी पोचते. तिथं लाकूड अचानक संपतं आणि ती कड तोच आवाज किंचित उशिरा पुन्हा फेकते. भोक मधोमध असलं की चारही कडांचे हे उशिराचे आवाज एकदमच कानावर येतात. काही सूर फुगतात, काही बुडतात. भोक थोडं बाजूला सरकवलं की अंतरं बदलतात आणि गोंधळ विखुरतो. खर्च शून्य!

कडा गोल करतानाही कारागीर हात आखडता घेतात. तीन हजार हर्ट्‌झची लाट ११ सेंटिमीटरांहून लांब असते. अर्ध्या सेंटिमीटरची गोलाई फक्त हाताला सुखावते.

पेटीच्या आतही घनच नडतो. आतून ४० सेंटिमीटरच्या घनात ४३० हर्ट्‌झच्या आसपासचा सूर तिन्ही दिशांना घुमतो, ऐन गळ्याच्या टापूत. भिंती तिरक्या केल्या की तो जातो, हा समज भाबडा आहे. तो सरकतो, इतकंच. खरं काम आतलं जाड रॉकवूल करतं. स्पीकर बनवणाऱ्या बोवर्स अँड विल्किन्स कंपनीच्या १९९३च्या ‘नॉटिलस’मध्ये लॉरेन्स डिकी यांनी प्रत्येक स्पीकरमागे निमुळती होत जाणारी नळी जोडली, मागचा आवाज तिच्यातच विरावा म्हणून.

खर्जाला या कशाचंच सोयरसुतक नाही. शंभर हर्ट्‌झची लाट जवळपास साडेतीन मीटरांची. तिच्या लेखी पेटी किती लिटरची, एवढाच प्रश्न.

म्हणून घरी पेटी करणाऱ्यांनी गोलाच्या नादी लागायची गरज नाही. ओल्सन यांच्या बारांत एक चौकोनी पेटीही होती, पुढच्या कडा उतरत्या असलेली. तिचा आलेख घनापेक्षा कितीतरी गुळगुळीत आला, आणि ती कुठलाही सुतार करून देईल.