दोन तासांवरचं माहेर

माझं माहेर गोंदिया, सासर कोल्हापूर. एकाच राज्याची ही दोन टोकं. त्यांना जोडणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस मिरज, पुणे, मनमाड, भुसावळ, अकोला, वर्धा, नागपूर करत तेराशेहून जास्त किलोमीटर धावते आणि दुसऱ्या दिवशी पोचते. म्हणून विमानाचा विषय निघाला की माझा एकच हेका असे: कोल्हापूर-गोंदिया थेट विमान हवं.

दोन्हीकडे धावपट्टी आहे. कोल्हापूरजवळच्या उजळाईवाडीचा विमानतळ 1939 सालचा, गोंदियाजवळच्या बिरसीची धावपट्टी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली. सरळ रेषेत अंतर भरतं सुमारे 830 किलोमीटर. अशा मार्गावर चालणाऱ्या छोट्या एटीआर विमानाचा वेग ताशी पाचशेच्या आसपास, म्हणजे चढणं-उतरणं धरून दोन तास. या दोन तासांचा मला ध्यासच लागला होता.

आज मी ही मागणी करणार नाही.

बाबांना दवाखान्यात भरती केलं तेव्हा मी हैदराबादमार्गे निघाले. कोल्हापूरहून हैदराबाद साधारण 445 किलोमीटर, तिथून गोंदिया 515 च्या आसपास. बेरीज 960. सरळ रेषेपेक्षा जेमतेम 130 किलोमीटर जास्त, म्हणजे आकाशातला वळसा पंधरा-वीस मिनिटांचा! तरी माझा अख्खा दिवस गेला, आणि तो हैदराबादच्या बाकावर गेला. समोरच्या फलकावर दिल्ली, मुंबई, बंगळुरूची विमानं एकामागोमाग एक सुटत होती. गोंदियाची ओळ होती तिथंच होती. धाकटीचा फोन आला, "ताई, बाबा विचारताहेत, कुठपर्यंत आलीस?" काय सांगणार? जवळपास निम्मं अंतर केव्हाच कापून झालं होतं.

त्या बाकावर माझं मत फिरलं. माझा वेळ अंतर खात नव्हतं, दोन विमानांमधली फट खात होती.

थेट विमान सुरू झालं तरी त्याची सत्तरेक आसनं दोन्ही बाजूंनी रोज भरायला हवीत. कोल्हापुरातून गोंदियाला जाणारे रोज इतके कुठून आणायचे? छोट्या शहरांच्या विमानसेवेसाठी केंद्र सरकारच्या उडान योजनेतलं अनुदान तीन वर्षांचं, पुढे तिकिटांवरच निभवावं लागतं. गोंदियाने हे पाहिलं आहे. मार्च 2022 मध्ये इंदूर-गोंदिया-हैदराबाद सेवा सुरू झाली, पुढे ती बंद पडली. डिसेंबर 2023 मध्ये हैदराबादचं विमान पुन्हा आलं, तेव्हा माहेरी सणासारखा आनंद होता. अशी सेवा टिकते ती वेगवेगळ्या गावांचे प्रवासी मधल्या शहरात एकत्र येतात म्हणून. आमच्यासारख्या चार जणांसाठी सरळ रेष आखली, तर ती वर्षभरात पुसली जाईल, आणि एकदा बंद पडलेली सेवा पुन्हा मिळवताना गावाची दमछाक होते.

म्हणून आता मला वेळापत्रक हवं आहे. सकाळी कोल्हापूर सोडलं तर दुपारी बिरसीला उतरता यावं, तिकीट एकच असावं, आणि पहिल्या विमानाला उशीर झाला तर पुढची सोय प्रवाशाच्या गळ्यात पडू नये. विमानतळ विस्तारासाठी सह्या गोळा होतात, त्यात या तीन ओळी कुणी घालत नाही. पुढच्या निवेदनात मी त्या घालायला लावणार आहे. त्याशिवाय सही करणार नाही.