कॅमिओचं मूळ घर

चि. सई,


कॅमिओ म्हटलं की आपल्याला सिनेमातली पाहुण्या कलाकाराची छोटी भूमिका आठवते. तू आता व्हिएन्नाला निघाली आहेस, तर या शब्दाचं मूळ घर बघूनच ये.

इटालियन ‘कम्मेओ’ म्हणजे उठावात कोरलेलं रत्न. तीच आकृती दगडाच्या आत खोदली, तर ते इन्टाग्लिओ. शिक्क्याच्या अंगठीला हे दुसरं लागतं, कारण मेणावर दाबलं की चित्र उठून येतं. रोमन सम्राट ऑगस्टसच्या अंगठीवर आधी स्फिंक्स होता, मग अलेक्झांडरचा चेहरा आणि शेवटी डायोस्कुरिडीस या कारागिराने कोरलेली त्याची स्वतःची छबी.

कॅमिओचा जीव मात्र दगडाच्या थरांत असतो. सार्डोनिक्स हा पट्ट्यापट्ट्यांचा अकीक. त्यात एक थर पांढरा, तर खालचा तपकिरी. पांढऱ्यातून माणसं घडवायची आणि भोवतालचं काढून टाकून तपकिरी थर उघडा करायचा. पांढरा थर पातळ केला की खालचा रंग त्यातून झिरपतो आणि वस्त्राच्या चुणीत सावली पडते. रंगाचं बोटही न लावता! हा दगड लोखंडी हत्याराला दाद देत नाही. तेलात कालवलेली कुरुंदाची पूड आणि फिरती सळई घेऊन तो कणाकणाने झिजवावा लागतो. जास्त झिजला, तर थर परत येत नाही.

आणि हा दगड जात कुठून होता? पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात लिहिलंय की पैठणहून गाड्या भरभरून असा दगड भडोच बंदरात येई. वाट वीस दिवसांची. पैठण म्हणजे आपल्याला नाथ आणि पैठणी. पण रोमच्या रत्नकारांना दगड पुरवणाऱ्यांतही ते होतं, याचा मला फार अभिमान वाटतो.

पुढे इंग्रजीत छोट्या शब्दचित्रालाही कॅमिओ म्हणू लागले. १९५६च्या ‘अराउंड द वर्ल्ड इन ८० डेज’ या सिनेमात कितीतरी नामवंत क्षणभर झळकले आणि ते नाव अशा भूमिकांना कायमचं चिकटलं. मला ते पटतं. आकाराने लहान, पण कामात कसूर नाही, अशाच भूमिकेने ते मिरवावं.

व्हिएन्नाच्या कुन्स्टहिस्टोरिशेस म्युझियममध्ये ‘जेम्मा ऑगस्टिया’ हा कॅमिओ आहे. जेमतेम १९ बाय २३ सेंटिमीटरचा दगड. वरच्या रांगेत ऑगस्टस, शेजारी रोमा देवी. सगळे तिथेच बघत राहतात. तू खालच्या रांगेलाही वेळ दे. तिथे सैनिक विजयस्तंभ उभारताहेत आणि एका कैदी स्त्रीला केसांना धरून ओढलं जातंय. तिच्यासाठीही कारागिराने तितकाच जीव ओतलाय. ती बघून काय वाटलं, ते सविस्तर कळव.

तुझी,
आत्या