एकोणतीस पणत्या

काही माणसांचे तेरा या आकड्याशी वाकडे असते. आमच्या घराचे वाकडे एकोणतिसाशी होते, आणि ते वैर दुसऱ्या पिढीतून तिसऱ्या पिढीत उतरण्याच्या बेतात होते. ते कसे मिटले, किंवा निदान मिटायला कशी सुरुवात झाली, त्याचीच ही हकीगत.

गेल्या वर्षी माझी नात दुसरीत होती. श्रावणात तिच्या वहीत बाईंचा शेरा आला : ‘अंक उलटे लिहिते. घरी सराव घ्यावा.’ शेरा सुवाच्य होता आणि त्यात खोटे असे काहीच नव्हते. पोरीला पंचवीस सांगितले की ती ५२ लिही आणि बावन्न सांगितले की २५. एकोणतीस म्हटले की मात्र तिची मती अगदीच कुंठित होई. कधी ती ३९ लिही, कधी ३१; एकदा तर तिने १९ आणि ३० शेजारी शेजारी लिहिले आणि ‘यांतला हवा तो घ्या’ अशा चेहऱ्याने आमच्याकडे पाहिले.

त्या संध्याकाळी माझा मुलगा कचेरीतून आल्यावर तिला घेऊन बसला. मी बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र चाळत होतो. आतून आवाज आला, “एकोणतीस लिही.” मग थोडी शांतता. पुन्हा, “अगं, एकोणतीस!” पुन्हा शांतता. आणि मग, “किती वेळा सांगितलं तुला?”

वर्तमानपत्र माझ्या हातून खाली आले. तो आवाज मुलाचा होता, पण वाक्य माझे होते. शब्द तेच, शेवटी चढणारा स्वरही तोच. १९८७ साली, चाळीतल्या दोन खोल्यांत, मी हेच वाक्य त्याला ऐकवले होते. तोही तेव्हा दुसरीत होता. त्याने पाटीवर एकोणतिसाच्या जागी तीनदा ३९ काढले, आणि चौथ्या खेपेला मी त्याच्या बोटांवर फूटपट्टी मारली. त्यानंतर त्याचा एकोणतीस कधी चुकला नाही. शेजाऱ्यापाजाऱ्यांना ही गोष्ट मी मोठ्या अभिमानाने सांगत असे.

पण तो त्या दिवशी नेमके काय शिकला, याचा विचार मी केला नव्हता. आकड्यांच्या आसपास कुणाचा तरी हात उगारलेला असतो, एवढेच तो शिकला. आज तो चांगल्या नोकरीत आहे, चारचौघांत त्याला मान आहे. पण आम्ही कुठे बाहेर जेवायला गेलो आणि बिल आले की तो ते न पाहता सुनेकडे सरकवतो. ती हसते. मला कधी हसू आले नाही.

दुसऱ्या दिवशी मी म्हटले, “दिवेलागणीनंतर अर्धा तास हिला माझ्याकडे देत जा.”

“बाबा, तुम्ही?” मुलगा म्हणाला. त्या एवढ्याशा प्रश्नात त्याने सारे काही विचारून घेतले होते.

आता गंमत अशी, की उभा जन्म मी हिशेबाच्या वह्यांत काढला, पण मराठी आकड्यांकडे तोंड वर करून कधी पाहिलेच नव्हते. पंचवीस म्हणताना आपण आधी पाच म्हणतो आणि मग वीस. लिहिताना आधी २ काढतो आणि मग ५. म्हणजे तोंड एका बाजूने चालते आणि हात दुसऱ्या बाजूने. आपले शेजारी कानडी आणि तेलुगू लोक आधी वीस म्हणतात आणि मग पाच. त्यांच्या मुलांची ही कसरत वाचते. आमच्याकडे २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘वीस दोन’ अशी वाचनाची रीत आली, तेव्हा केवढा गदारोळ उडाला! गणितज्ञ मंगला नारळीकर त्यामागची कारणे शांतपणे समजावून सांगत होत्या. बागेतल्या बाकावर आम्ही म्हातारे मात्र ‘वीस एक’वर कोट्या करून हसत होतो. हसणाऱ्यांत माझा आवाज मोठा होता, हे आज कबूल करतो. जुनी नावे मला अजूनही प्रिय आहेत; पण मुलांना ती अवघड जातात हे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे खासच नव्हते.

मी नातीच्या हातून पेन्सिल काढून घेतली. पंधरा दिवस लिहायचे नाही, असा नियम केला. ती इतकी खूश झाली की तिने मला न मागता पापा दिला. मग जुना खराटा सोडवून त्याच्या काड्यांचे बोटभर तुकडे केले. दहा काड्या मोजायच्या आणि दोरा गुंडाळून एक जुडी बांधायची. यात माझे शहाणपण काहीच नव्हते. १९४५ साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले, तेव्हा माँटेसरीबाईंची महागडी साधने त्या मुलांना कुठून मिळणार? शंख-शिंपले, बिया, खडे, पाने हीच त्यांनी साधने केली. हे मी कधीकाळी वाचले होते. घरात पोर असताना मात्र आठवले नव्हते.

काड्यांचे आमचे दुकान झाले. मी गिऱ्हाईक, ती दुकानदारीण. “पंचवीस काड्या द्या हो,” मी म्हणे. पहिल्या दिवशी तिने पाच जुड्या आणि दोन सुट्या काड्या दिल्या. मी म्हटले, “बाई, मला फार दिल्यात. मोजून बघा.” तिने दहा, वीस, तीस असे मोजले आणि तिची तीच थबकली. चूक सांगण्याची वेळच आली नाही. काड्यांनीच ती सांगितली, आणि काड्या काही ओरडत नाहीत. चार दिवसांनी ती म्हणाली, “आबा, हे आकडे भुतासारखे आहेत. पाय उलटे!” गणिताची इतकी नेमकी व्याख्या मी तरी दुसरीकडे ऐकली नाही.

हळूहळू हा धंदा घरभर पसरला. स्वयंपाकघरात तिच्या आजीने एक जुने पितळी मापटे जपून ठेवले आहे. दोन चिपटी म्हणजे एक मापटे, दोन मापटी म्हणजे एक शेर. पोरीने तांदूळ भरभरून ते पडताळून पाहिले. अर्धे तांदूळ फरशीवर सांडले, पण निम्मे म्हणजे काय हे तिला पुन्हा सांगावे लागले नाही. नवरात्र सरल्यावर आजीने अंगणात तिला ठिपक्यांची रांगोळी शिकवायला घेतली. पाच ते एक : मधल्या ओळीत पाच ठिपके, आणि दोन्ही अंगांना चार, तीन, दोन, एक. नातीने मोजले, पंचवीस भरले. मग आजीने तिला खांदे धरून रांगोळीच्या तिरक्या बाजूला उभे केले आणि म्हटले, “आता इथून बघ.” तिथून पाहिले तर पाच पाच ठिपक्यांच्या सरळ पाच ओळी! पाच पाचे पंचवीस. मी पायरीवर बसलो होतो; मीही उठून तिथे जाऊन पाहून आलो. पन्नास दिवाळ्या या बाईने माझ्या दारात हे काढले, आणि मी त्याच्या कडेने चपला सांभाळत गेलो.

हे सारे गोड वाटते, पण एक दिवस कडू होता, तोही सांगितला पाहिजे. मी म्हटले, “एकोणचाळीस काड्या द्या.” नातीने चार जुड्या उचलल्या आणि माझ्यापुढे ठेवल्या. बारा दिवसांची मेहनत फुकट गेली असे मला वाटले. “किती वे...” एवढे शब्द तोंडातून गेले. तिने माझ्या तोंडाकडे पाहिले नाही. तिने माझ्या हाताकडे पाहिले. माझा हात गुडघ्यावरून उचललेला होता. तो कधी उचलला गेला हे मला कळले नव्हते, देवाशपथ. मी तो तसाच मांडीखाली घातला आणि विचारले, “चार जुड्या का गं दिल्यास?”

“थांबा ना, आबा. अजून एक काढायची आहे.”

तिने एका जुडीचा दोरा सोडला, एक काडी काढून आपल्याकडे ठेवली आणि म्हणाली, “एक ऊन. चाळीसला एक कमी. झाले एकोणचाळीस.”

‘ऊन’ म्हणजे उणे हे मी तिला सांगितले नव्हते. ते तिने आजीच्या बोलण्यातल्या ‘उणे-दुणे’तून उचलले, की कुठून, कोण जाणे! मला शब्दाचा अर्थ पहिल्यापासून ठाऊक होता. तो मुलाला सांगायचा असतो, एवढेच ठाऊक नव्हते. त्या दिवशी मी आणखी क्षणभर घाई केली असती, तर एक बरोबर उत्तर अर्ध्या वाटेवर मारले गेले असते. १९८७ सालीही असेच एखादे उत्तर वाटेत असेल का? माझ्या मुलाला ३९ सुचत होते ते ‘तीस’ आणि ‘नऊ’ या दोहोंचा मेळ घालण्याच्या धडपडीतून. तो मूर्खपणा नव्हता, तो विचार होता. मी विचारलेच नाही.

नरकचतुर्दशीच्या संध्याकाळी नातीने बापाला अंगणात ओढत नेले. “बाबा, एकोणतीस पणत्या मांडा.” तो जरा गोंधळला आणि एक, दोन, तीन असे मोजू लागला. तिने त्याला थांबवले. “तसं नाही. आधी दहा-दहाच्या तीन ओळी. मग त्यातली एक उचलायची. म्हणून एकोण!” आणि तिसऱ्या ओळीतली शेवटची पणती तिने उचलून त्याच्या हातात दिली.

तो ती पणती घेऊन उभा राहिला. “असं आहे होय हे!” तो स्वतःशीच म्हणाला.

मी पायरीवरून म्हटले, “मी तुला हे तेव्हाच सांगायला हवं होतं.” याहून अधिक बोलणे मला साधले नाही.

त्याने माझ्याकडे पाहिले आणि म्हणाला, “का, बाबा? तेव्हा आपल्याकडे खराटा नव्हता?” आणि तो हसला. त्या हसण्यात सारे फिटले असे मी म्हणणार नाही. पण ते हसणे मी जपून ठेवले आहे. हातातली तिसावी पणती त्याने तुळशीपाशी नेऊन लावली.

पाडव्याला आम्ही सारे बाहेर जेवायला गेलो. बिल आले. नेहमीच्या सवयीने मुलाने ते सुनेकडे सरकवले. पण वाटेतच नातीने ते पकडले. “मी बघते!” एकेका आकड्यावर बोट ठेवून ती वाचू लागली, मधेच अडली, मागे गेली, पुन्हा वाचू लागली. आमच्यापैकी कुणीच घाई केली नाही. वाढपी उभा होता, तोही थांबला. आणि थोड्या वेळाने मी पाहिले, माझा मुलगा तिच्या खांद्यावरून वाकून त्या कागदाकडे पाहत होता.