कडता

माझ्या लहानपणी मराठवाड्यातल्या आमच्या मुखेडच्या मोंढ्यात आमच्या ज्वारीचा निकाल अर्ध्या मिनिटात लागायचा. आडत्या पोत्यात हात खुपसायचा, मूठभर दाणे तळहातावर घेऊन फुंकर मारायचा आणि त्यातला एक दाणा दाढेखाली धरायचा. कट्ट वाजलं तर माल वाळलेला. मग भावाचा आकडा, आणि वर क्विंटलमागे कडता, म्हणजे कपात. एका वर्षी दसऱ्याच्या तोंडावर पाऊस लागून राहिला आणि काढणीला आलेली हायब्रीड कणसातच काळी पडली. त्या दिवशीचा आकडा ऐकून वडिलांनी एवढंच विचारलं, "काय म्हणून?" आडत्या तोवर पुढच्या पोत्यापाशी गेला होता.

आता मीच आकडे सांगतो. परभणीला अन्नतंत्रज्ञान शिकलो, नोकरीसाठी पुण्यात आलो आणि एका मायक्रोब्रुअरीत चिकटलो. डूलाली पुण्यात २००९ साली सुरू झाली, ती देशातल्या अगदी पहिल्या मायक्रोब्रुअरींपैकी एक. तिच्यामागोमाग या शहरात बिअर बनवणाऱ्यांची एक छोटी जमात तयार झाली, तिच्यातलाच मीही एक. महिन्यातून एकदा आम्ही पाच-सहा जण एकत्र बसतो आणि एकमेकांच्या बिअर झाकून चाखतो. ग्लासावर नाव नसतं, फक्त नंबर. समोर पन्नास गुणांची चिठ्ठी. अमेरिकेत १९८५ साली बिअरच्या परीक्षकांची एक संस्था निघाली, तिने घालून दिलेली वाटणी आम्ही वापरतो: वासाला १२, रूपाला ३, चवीला २०, तोंडात कशी लागते त्याला ५ आणि एकंदर १०. रूपाला फक्त तीन! लग्नाच्या बाजारात ही चिठ्ठी लागू केली असती तर बरं झालं असतं.

या बैठकीत सगळ्यात जास्त भांडणं पिल्सनरवरून होतात. परक्या माणसाला याचं नवल वाटेल, कारण पिल्सनर दिसायला अगदी साधी: वाळल्या कडब्याच्या रंगाची, आरपार दिसणारी, वर पांढरा फेस. जगात आज जी पिवळी थंड बिअर खपते, ती बहुतेक हिचीच लेकरं, निदान वंशावळीत तरी. पण भाजक्या माल्टच्या काळ्या बिअरमध्ये दहा चुका दडतात, फळं घातलेल्या बिअरमध्ये वीस. पिल्सनरमध्ये दडायला जागाच नाही. बिनफोडणीचं वरण असतं तसं. डाळ जुनी असेल, पाणी जड असेल, हळद जास्त पडली असेल, पहिल्या घासाला कळतं.

हिचा जन्मही वाईट बिअरच्या रागातून झालेला आहे. बोहेमियातल्या प्लझेन गावात १८३८ साली लोकांनी बिघडलेल्या बिअरची ३६ पिंपं नगरभवनासमोर ओतून दिली, असं सांगतात. आपल्याकडे भाव पडला की दूध रस्त्यावर ओततात, त्यांनी दर्जा पडला म्हणून बिअर ओतली. मग बिअर गाळण्याचा हक्क असलेल्या गावकऱ्यांनी मिळून नवा कारखाना उभारला आणि बव्हेरियातून योझेफ ग्रोल नावाचा कारागीर आणला. ५ ऑक्टोबर १८४२ रोजी त्यानं पहिला घाणा लावला. फिका माल्ट, जवळच्या झाटेत्सचे साझ हॉप्स, थंडीत तळाशी बसून काम करणारं बव्हेरियन यीस्ट आणि प्लझेनचं पाणी.

त्या पाण्यापाशी मी नेहमी अडखळतो. प्लझेनचं पाणी विलक्षण हलकं, क्षार नावाला. म्हणून तिथे भरपूर हॉप्स घातले तरी कडवटपणा गोल राहतो, घशाला ओरखडत नाही. मुखेडचं बोअरचं पाणी म्हणजे बसाल्टच्या कातळातून झिरपत आलेलं, चुन्यानं भरलेलं. हंड्याच्या आत पांढरा थर धरतो. माझी आई पाण्याची परीक्षा तुरीच्या डाळीवर करायची. घोटूनही दाणा अख्खा राहिला की म्हणायची, "हे पाणी डाळीचं न्हाई." मी पुढे पाण्याच्या कडकपणाचे आकडे शिकलो, पण त्या वाक्यात सगळं आलेलं होतं. आज छोट्या ब्रुअरीत आम्ही पाणी यंत्रातून क्षारमुक्त करून घेतो आणि लागतील तेवढेच क्षार मोजून परत घालतो. म्हणजे आधी पाण्याचं गाव पुसायचं आणि मग त्याला प्लझेनचं करायचं.

पाण्याचा विषय निघालाच आहे तर हेही सांगतो. दुष्काळात, १२ एप्रिल २०१६ ला, मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला पोचली, दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर. त्याच महिन्यात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं मराठवाड्यातल्या मद्यउद्योगाच्या पाण्यात मोठी कपात करायला सांगितलं. मी तेव्हा पुण्यात टाक्या धूत होतो. मोठ्या कारखान्यातही एक लिटर बिअरमागे तीन-चार लिटर पाणी जातं, आमच्यासारख्या छोट्या ठिकाणी त्याच्या दुपटीहून जास्त, आणि त्यातलं बरंचसं धुण्यातच जातं. त्या उन्हाळ्यात गावाकडून फोन आला की मी नळ बंद करून बोलायचो. आवाज ऐकू जाऊ नये म्हणून. त्यावर माझ्याकडे आजही चांगलं उत्तर नाही.

चाखायचं कसं, ते आता. पहिली गोष्ट, बर्फगार पिल्सनर चाखता येत नाही. आपल्याकडे बिअर म्हणजे बाटलीवर दव धरलेलं असलं पाहिजे, अशी समजूत. पण जीभ बधिर झाली की दोषही बधिर होतात. वाईट बिअर थंडगार विकण्यात शहाणपण आहे ते याचसाठी. आम्ही ग्लास सहा-सात अंशांवर येऊ देतो, तिसरा हिस्साच भरतो आणि ओतल्या ओतल्या नाक घालतो, कारण गंधकाचा हलका वास पहिल्या काही क्षणांतच उडून जातो. फेस किती वेळ टिकतो, उतरताना काचेला जाळी धरतो का, ते पाहतो. ग्लासाला तेलाचा किंवा साबणाचा अंश असेल तर उत्तम बिअरचा फेसही मरतो, तेव्हा आधी ग्लासावर संशय घ्यायचा. मग घोट. वाइनवाले चाखून थुंकतात, आम्हाला गिळावं लागतं, कारण पिल्सनरचा खरा कडवटपणा गिळल्यावर उमगतो. त्यामुळे आठ नंबर झाले की त्या दिवसाचं काम थांबवायचं. नवव्या ग्लासाला दिलेल्या गुणांवर माझा विश्वास नाही, माझ्या स्वतःच्यासुद्धा. मध्ये मध्ये तोंड साफ करायला बाकीचे ब्रेड खातात. मी खिशातून ज्वारीच्या लाह्या काढतो. मीठ नाही, तेल नाही, वास नाही. सुरुवातीला हसले, आता वाटी मध्ये ठेवावी लागते.

दोषांची नावं आम्हाला इंग्रजीतून शिकवलेली. कच्ची राहिलेली बिअर म्हणे हिरव्या सफरचंदासारखी. मी हिरवं सफरचंद पहिल्यांदा पाहिलं ते पुण्यात, विशी उलटल्यावर. मला तो वास लाल भोपळा चिरल्याबरोबर येतो तसा लागतो, आणि आता मी तसंच लिहितो. उन्हात राहिलेल्या हिरव्या बाटलीच्या बिअरला स्कंक नावाच्या जनावराचा वास येतो म्हणतात. ते जनावर आपल्या मुलखात नाही. उजेडानं हॉप्समधली कडवट द्रव्यं फुटून ती दुर्गंधी तयार होते, त्याला काही मिनिटांचं कडक ऊन पुरतं, म्हणून तपकिरी बाटली बरी. माझ्या नाकाला तिथे जळकं रबर येतं. जुनी, हवा लागलेली बिअर म्हणजे पावसात भिजून वाळलेला पुठ्ठा. आणि माल्टचा रस नीट खळखळून उकळला नाही तर मक्याची कणसं उकडल्याचा वास. तो कुणालाही शिकवावा लागत नाही.

माझी फसगत मात्र झाली ती लोण्यापाशी.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. चार नंबरचा ग्लास आला. नाक घातलं आणि एकदम बरं वाटलं. भरदार, मऊ, ओळखीचं. मी ३८ दिले आणि शेरा मारला, 'माल्टची सुंदर गोडी.' शेजारी बसणारा आमच्यातला सगळ्यात मुरलेला चाखणारा. त्याची चिठ्ठी पाहिली तर २६. बारा गुणांचा फरक म्हणजे दोघांपैकी एकाचं नाक घरी राहिलेलं. त्यानं एकच शब्द लिहिला होता: लोणी.

मी परत वास घेतला. लोणीच होतं. खरं तर कढवलेलं लोणी. आमच्याकडे आठवडाभराचं लोणी साठलं की आई ते कढवायला ठेवायची, तडतड थांबत आली की त्यात विड्याचं पान टाकायची आणि पान कुरकुरीत झालं की पातेलं उतरवायची. तो वास ओसरीपर्यंत यायचा. माझ्या नाकानं चार नंबरमध्ये तो ओळखला, आणि दोष म्हणून हरकत घेण्याऐवजी पाट मांडला.

त्या द्रव्याचं नाव डायअॅसिटिल. ते यीस्टच्याच कामातून तयार होतं आणि वेळ दिला तर यीस्टच ते परत गिळून टाकतं. त्यासाठी आंबवणं संपत आलं की टाकीचं तापमान दहा-बारा अंशांवरून सोळा-सतरापर्यंत चढवून दोन-तीन दिवस थांबायचं, मग थंड करून पुढचे चार-सहा आठवडे मुरत ठेवायचं. मालकांना पिल्सनर नकोशी होते ती याच आठवड्यांपायी. तेवढ्या दिवसांत त्याच टाकीत गव्हाच्या बिअरचे दोन घाणे निघतात. पुन्हा आपल्याकडचा बहुतेक खप स्ट्राँगचा. पाच टक्क्यांची पिल्सनर प्यायल्यावर आमच्या भागातला माणूस विचारतो, "हिचा काही अंमलच न्हाई की हो?"

चिठ्ठ्या गोळा झाल्यावर नंबरांची नावं उघडली. चार नंबर आमचाच होता. माझ्या हातचा. त्या शनिवारच्या गर्दीसाठी मी टाकी दोन दिवस आधी थंड केली होती आणि ते विसरूनही गेलो होतो.

दुसऱ्या दिवशी मी ती चाचणी केली जी आधीच करायला हवी होती. टाकीतून दोन बरण्या भरल्या. एक थंड ठेवली, दुसरी झाकण लावून साठ अंशांच्या पाण्यात तासभर बसवली. जे अजून लोणी झालेलं नाही पण होणार आहे, ते उष्णतेनं आत्ताच उघडं पडतं. मग तीही थंड केली आणि दोन्हींची झाकणं काढली. थंड बरणीत जेमतेम कुजबूज. दुसरीत आमचं स्वयंपाकघर. आता टाकी थंड करण्याआधी प्रत्येक घाण्याची ही चाचणी होते, शनिवार असो की एकतीस डिसेंबर.

त्यानंतर मी एक धरून ठेवलं आहे: जो वास मला घरी नेतो, त्याच्यापाशी दुप्पट वेळ थांबायचं. दोषाला नाव मी मुखेडमधूनच आणणार, दुसरं कुठून आणू? पण गुण देताना मुखेडला बाहेर बसवायचं.

गेल्या दिवाळीत वडिलांनी विचारलं, "तू तिथं नेमकं करायलास काय?" मी सांगितलं. ग्लास, नंबर, पन्नास गुण. ते बराच वेळ सुपारी कातरत राहिले. मग म्हणाले, "म्हंजे आडत्याच झालास की."

"तसंच म्हणा."

"कडता कापल्यावर काय म्हणून ते सांगतूस का त्या माणसाला?"

"लिहून देतो."

"मग ठीकाय."

आमच्या बैठकीत आता नियम आहे. नुसता आकडा लिहिलेली चिठ्ठी रद्द. जितके गुण कापले त्यांचं कारण मागच्या बाजूला, आणि कारण म्हणजे 'ठीक नाही' असं नव्हे. काय लागलं, कुठे लागलं, कशामुळे झालं असावं.

परवा माझ्याच नव्या पिल्सनरची चिठ्ठी आली. एकेचाळीस दिवस टाकीत होती. गुण ३४. मागे लिहिलंय: लोणी नाही, कणीस नाही, फेस छान, पण गिळल्यावर कडवटपणा जिभेच्या कडेला खरखरतो, पाण्यात सल्फेट जास्त पडलं असावं. नोंदवही काढून पाहिली. जास्तच पडलं होतं.