वरचे पैसे

मोटारगाडीची किंमत किती, या प्रश्नाचे उत्तर एका आकड्यात मिळावे, अशी अपेक्षा आमच्या पिढीने कधी बाळगली नाही. कंपनीने जाहीर केलेली किंमत एक. कर, नोंदणी आणि विमा मिळून पडणारी दुसरी. आणि वाहन पुढच्या आठवड्यात दारात उभे राहावे असे वाटत असेल तर मोजावी लागणारी तिसरी. या तिसऱ्या किमतीतील वाढाव्याला मुंबई-पुण्याकडे 'ऑन' म्हणत. आमच्या हळ्ळीखेडात आणि हुमनाबादच्या बाजारात 'वरचे पैसे' हा शब्द चाले, आणि निजामाची अमदानी पाहिलेली आमची काही वडीलधारी मंडळी त्याला अगदी गंभीर चेहऱ्याने 'नजराणा' म्हणत. 'वरचे पैसे' या शब्दाचा सरकारी कचेरीतील अर्थ वाचकांस ठाऊक आहेच. तो येथे अभिप्रेत नाही. मात्र दोहोंचे गोत्र एकच असावे, असा संशय आम्हांस सबंध नोकरीभर येत राहिला.

हे शब्द आता कालबाह्य झाले, असा आमचा समज होता. अमेरिकेत डलासला असलेल्या आमच्या पुतण्याने 2023 साली दूरध्वनीवर जी हकिकत सांगितली, तिच्यावरून ते केवळ देशांतरास गेले होते असे दिसते. त्याला एक छोटी, पण विलक्षण वेगवान मोटार घ्यावयाची होती. कंपनी अशा मोटारी मुद्दाम थोड्याच काढते. विक्रेत्याच्या दालनात गाडीच्या काचेवर दोन कागद चिकटवलेले होते. एकावर कंपनीची किंमत तपशीलवार छापलेली. शेजारच्या दुसऱ्यावर 'बाजारानुसार फेरफार' अशा अर्थाचे चार शब्द आणि पुढे दहा हजार डॉलरचा आकडा. "काका, ह्याला तुम्ही लोक काय म्हणायचा?" असे त्याने विचारले. आम्ही तिन्ही शब्द सांगितले. त्याला 'नजराणा' फार आवडला.

या दोन कागदांची कथा मनोरंजक आहे. पहिला कागद कायद्याने आला. 1958 साली सिनेटर माइक मनरोनी यांच्या पुढाकाराने अमेरिकेत असा कायदा झाला की, प्रत्येक नव्या मोटारीच्या काचेवर उत्पादकाने सुचवलेली किंमत लावलीच पाहिजे. त्या कागदाला आजही 'मनरोनी' म्हणतात. परंतु यात 'सुचवलेली' हा शब्द महत्त्वाचा आहे. तेथील विक्रेता हा कंपनीचा नोकर नसून स्वतंत्र व्यापारी असतो, आणि अनेक राज्यांचे कायदे असे आहेत की, कंपनीला त्याला डावलून थेट ग्राहकास मोटार विकता येत नाही. तेव्हा कंपनीने सुचवावे आणि विक्रेत्याने आपल्या मनास येईल ते मागावे, अशी तेथील रीत आहे. साध्या कुटुंबवत्सल मोटारीवर तो सूट देतो. पण होंडाची सिव्हिक टाइप आर, टोयोटाची जीआर कोरोला किंवा पोर्शेची 911 जीटी3 यांसारखी मोटार त्याच्या वाट्याला मोजकीच येते, आणि दालनाबाहेर मात्र दहा जण उभे असतात. मग दुसरा कागद चिकटतो.

2021-22 मध्ये इलेक्ट्रॉनिक चिप्सच्या तुटवड्यामुळे साध्या मोटारींवरही हा कागद दिसू लागला, तेव्हा 2022 च्या आरंभी फोर्ड आणि जनरल मोटर्स या कंपन्यांना आपल्याच विक्रेत्यांना समज द्यावी लागली. सरकारी व्यापार आयोगाने 2023 च्या डिसेंबरात किमती स्पष्ट सांगण्याविषयी एक नियम केला. तो वाढाव्यास बंदी घालणारा नव्हताच, केवळ खरा आकडा आधी सांगा एवढेच म्हणणारा होता. तोही 2025 च्या जानेवारीत तेथील अपील न्यायालयाने रद्द केला.

आता आमच्याकडच्या जुन्या गोष्टीकडे वळू. तिच्यातील वाहन मोटार नव्हे, स्कूटर आहे. आणि वेगाशी तिचा संबंध एवढाच की, ती मिळण्यास फार वेळ लागे. पुण्याजवळ आकुर्डीला बजाज ऑटोचा कारखाना होता. इटलीच्या पियाज्जिओ कंपनीशी असलेला करार 1971 साली संपल्यावर 1972 मध्ये राणा प्रतापाच्या घोड्याचे नाव घेऊन 'चेतक' बाजारात आली. साताऱ्याला बजाज आणि पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ यांच्या भागीदारीतील महाराष्ट्र स्कूटर्समध्ये 'प्रिया' होऊ लागली. किती स्कूटरी काढावयाच्या हे मागणीवर नव्हे, परवान्यावर ठरे. मंजूर क्षमतेपेक्षा अधिक माल काढणे हा पराक्रम नसून कायद्याचा भंग होता. परिणामी नाव नोंदवून आठ-आठ, दहा-दहा वर्षे वाट पाहणे घराघरांत चालू होते. परदेशातील नातलगाने परकीय चलन भरले तर स्कूटर लवकर मिळे. पण त्या काळी हळ्ळीखेडातील किती घरांचे नातलग परदेशात होते? क्रमांक लागलेला मनुष्य स्कूटर घेई आणि लगोलग वाढाव्याने दुसऱ्यास देई. वापरलेली स्कूटर नव्या स्कूटरीहून महाग, हा चमत्कार आम्ही प्रत्यक्ष पाहिला आहे.

हा वाढावा कोण देई? पुष्कळदा ज्याला स्कूटर चालवताही येत नव्हती, तो. आमच्या गावी एक प्राथमिक शिक्षक होते. तीन मुली, चार एकर कोरडवाहू. 1982 साली थोरलीचे लग्न ठरले. मुलगा बँकेत कारकून. बोलणीत सोने ठरले, मानपान ठरला आणि शेवटी मुलाच्या मामांनी 'चेतक'चा विषय काढला. गुरुजींनी हुमनाबादला जाऊन नाव नोंदवतो म्हटले. मामा म्हणाले, नाव नोंदवून नातवाच्या मुंजीला गाडी येईल. आम्हांस ती लग्नात मांडवापुढे हवी. आम्ही तेव्हा नुकतेच नोकरीस लागलो होतो आणि 'सरकारी माणूस' म्हणून गुरुजी आम्हांस सोबत घेऊन गेले होते. आमच्या ओळखीचा काडीचा उपयोग झाला नाही, कारण तेथे वशिलाही रांगेतच उभा होता. अखेर सोलापूरच्या एका गृहस्थाचा क्रमांक विकत मिळाला. स्कूटरीची किंमत गुरुजींनी जमवलेल्या पैशांतून भागली. वरचे पैसे बैलजोडी विकून दिले. किमतीची पावती मिळाली. बैलजोडीची पावती कोण देणार?

पुढच्या मृगाला गुरुजींनी शेत अर्धेलीने लावले. त्यांनी याविषयी कधी तक्रार केल्याचे आम्हांस स्मरत नाही. जावई स्कूटरीवरून दिवाळसणाला आला तेव्हा सगळी गल्ली पाहावयास जमली होती, आणि गुरुजी हाताने तिच्या टपावरची धूळ पुसत होते.

आज मागे पाहता एक गोष्ट ठळकपणे दिसते. वरचे पैसे कोणत्याही हुकुमाने बंद झाले नाहीत. वाटपावर नियंत्रणे होती, कोटे होते, मिळालेले वाहन ठराविक काळ दुसऱ्यास न विकण्याची अट होती; आणि ही सारी तटबंदी असताना वाढावा सुखाने नांदत होता. तो गेला कसा? 1985 साली औरंगाबादजवळ, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरजवळ, वाळूजला बजाजचा दुसरा मोठा कारखाना सुरू झाला. कानपूरहून एलएमएल व्हेस्पा येऊ लागली, फिरोदियांनी होंडाशी हात मिळवून कायनेटिक होंडा काढली. पाहता पाहता स्कूटर दुकानात उभी राहून गिऱ्हाइकाची वाट पाहू लागली. ज्या सोलापूरकराने गुरुजींना क्रमांक विकला, त्याच्यासारख्यांचा धंदा कोणी छापा न घालता बसला. आमच्या भागातील ऊसवाल्यांना हे सहज पटेल. लेव्हीच्या साखरेचा भाव एक आणि खुल्या साखरेचा दुसरा, हा खेळ 2013 मध्ये लेव्ही उठेपर्यंत आपण कारखान्याच्या फाटकाशी उभे राहून पाहिलाच आहे.

मग डलासच्या त्या मोटारीचे काय? तिच्यासाठी कोणी वाळूज काढणार नाही. स्कूटरीची टंचाई कोणालाही नको होती. ग्राहकास नको, कारखानदारास नको, आणि ज्या दिल्लीने ती निर्माण केली तिला विचारले असते तर तिनेही नको म्हटले असते. या मर्यादित मोटारींत टंचाई हाच माल आहे. चारशे-पाचशे अश्वशक्तीचे इंजिन हे त्या टंचाईचे वेष्टन. हीच मोटार कंपनीने लाखांनी काढली तर रस्त्यावर मान वळवून तिच्याकडे कोण पाहील?

येथे एक शंका सुज्ञ वाचकांस येईल. दहा हजार डॉलर जास्त देणारा मनुष्य उभाच असेल, तर कंपनी स्वतःच किंमत का वाढवीत नाही? विक्रेत्याच्या खिशात ते का जाऊ देते? आमच्या अल्पमतीप्रमाणे कारण असे की, ही मोटार नफ्यासाठी काढलेली नसते, नावासाठी काढलेली असते. वर्तमानपत्रात 'एवढ्या किमतीत एवढा वेग' असे छापून आले की, त्या तेजात कंपनीच्या साध्या मोटारी खपतात. म्हणून जाहीर किंमत खाली ठेवावयाची आणि जाहीर व खऱ्या किमतीमधील दरी मोकळी सोडावयाची. दिल्लीने ग्राहकहिताच्या नावाने जी दरी सोडली, तीच येथे कीर्तीच्या नावाने सुटते. दरी कोणीही सोडो, तिच्या तोंडाशी जो उभा असतो तो जकात घेतो.

क्वचित कंपनी स्वतःच त्या तोंडाशी जाऊन उभी राहते. फोर्डने आपली 'जीटी' ही साडेचार लाख डॉलरांच्या वरची मोटार काढली, तेव्हा पहिल्या 500 मोटारींसाठी साडेसहा हजारांच्या आसपास अर्ज आले. कंपनीने वधूपरीक्षेसारखी निवड केली आणि दोन वर्षे मोटार विकावयाची नाही, असे लिहून घेतले. जॉन सीना या प्रसिद्ध मल्लाने ती लवकरच विकली, म्हणून कंपनीने 2017 मध्ये त्याच्यावर दावा लावला. पुढच्या वर्षी तडजोड झाली. आमच्या कोट्याच्या दिवसांतील न विकण्याची अट मुक्त बाजारपेठेच्या माहेरघरी पाहून आम्हांस जुना शेजारी भेटल्यासारखे वाटले.

आपल्याकडेही हे वारे आले आहे. बाहेर तयार झालेल्या मोटारी वर्षाला 2,500 पर्यंत आणल्यास येथील चाचण्यांतून सवलत मिळते. या नियमाच्या आधारे 2025 मध्ये फोक्सवॅगनने गोल्फ जीटीआय आणली. पहिल्या 150 मोटारी, किंमत 53 लाखांच्या घरात, आणि नोंदणीपूर्वी इच्छुकांना प्रश्नमंजुषा सोडवावी लागली! पैसे असून भागत नाही, पाठांतरही हवे. त्याच वर्षी ऑक्टोबरात श्कोडाची ऑक्टाव्हिया आरएस आली, अवघ्या 100, प्रत्येकी पन्नास लाखांस एक हजार कमी. किंमत जाहीर होण्यापूर्वीच सगळ्या नोंदल्या गेल्या होत्या. नाशिकला तयार होणाऱ्या महिंद्राच्या नव्या 'थार'ची पहिली गाडी कंपनीने 2020 मध्ये लिलावात काढली. दहा-बारा लाखांच्या त्या वाहनाला 1 कोटी 11 लाख आले आणि ते दानधर्माकडे गेले. वरचे पैसे चारचौघांत बोलून, नोंद करून, सत्कार्याला लागल्याचे आमच्या पाहण्यातील हे पहिलेच उदाहरण.

ज्याला पन्नास लाखांची हौस करावयाची आहे, त्याने वर पाच लाख दिले तर आम्हांस त्याची कणव येत नाही. तो मांडवापुढे स्वतःच्या पैशाने उभा आहे. डलासच्या त्या दुसऱ्या कागदाविषयीही आमचे मत गुरुजींच्या अनुभवानंतर थोडे सौम्यच आहे: तो निदान काचेवर चिकटवलेला असतो, त्या रकमेवर विक्रीकर भरला जातो आणि गिऱ्हाइकाला पाठ फिरवून जाता येते. पुतण्याने तीच केली. त्याने चारशे मैलांवरच्या एका गावी जाऊन छापील किमतीत मोटार घेतली.

चिंता वाटते ती हौसेच्या बाजारातील रीत गरजेच्या बाजारात झिरपते तेव्हा. गेल्या वर्षी आमच्या भाच्याने कलबुर्गीच्या एका दुकानी साधी, घरगुती मोटार नोंदवावयाचे ठरवले. सहा महिने थांबावे लागेल, असे सांगण्यात आले. दुकानाचाच विमा आणि पंचेचाळीस हजारांचे जोडसाहित्य घेतल्यास मात्र पंधरा दिवसांत मिळेल. विमा कोणाकडून घ्यावा हे ठरवण्याचा अधिकार गिऱ्हाइकाचा आहे, हे आम्ही नम्रपणे निदर्शनास आणले आणि बाकीचे लेखी मागितले. व्यवस्थापक तरुण आणि सभ्य होता. त्याने चहा मागवला, विमा सोडून दिला, लेखी काही दिले नाही, आणि जोडसाहित्याची यादी पुढे सरकवली. आम्ही ती सवयीने शेवटपर्यंत वाचली. तिच्यात पायपुसण्यांचे दोन संच होते. मोटार एकच घ्यावयाची होती.