दोष कोठे नाही?

जुना लॅपटॉप सुरू होत नाही ही तक्रार वरकरणी एकच वाटली, तरी तिच्या पोटात निदान तीन निरनिराळ्या अवस्था दडलेल्या असतात: यंत्रापर्यंत वीजच पोहोचत नाही, वीज पोहोचूनही आरंभीची स्वयंतपासणी पुरी होत नाही, किंवा सर्व काही चालू असून केवळ पडदा उजळत नाही. या तिन्हींचे उपाय आणि खर्च वेगळे असल्यामुळे कसलेला दुरुस्तीकार आधी कोणता भाग शाबूत आहे हे पक्के करीत जातो आणि दोषाला लपण्यास जागा उरणार नाही इतके क्षेत्र आकुंचित करतो.

याचा प्रारंभ अडॅप्टरपासून होतो. त्यावर बहुधा १९ किंवा १९.५ व्होल्ट असा आकडा छापलेला असतो आणि मल्टीमीटरवर तो बरोबर दिसला की अडॅप्टर निर्दोष ठरवण्याचा मोह होतो. परंतु थकलेला अडॅप्टर मोकळा असताना पूर्ण व्होल्टेज दाखवतो आणि यंत्राचा भार पडताच कोसळतो, म्हणून त्याची खरी परीक्षा भाराखालीच होते. काही बनावटींत पिनेच्या मध्यभागी एक बारीक सुई असते, जिच्यातून अडॅप्टरची ओळख यंत्राला कळते. ती वाकली किंवा तुटली तर लॅपटॉप चालतो, पण बॅटरी चार्ज होत नाही, आणि मग चांगली बॅटरी विनाकारण बदलली जाते. वीजपुरवठा ठीक असूनही बटणाला प्रतिसाद नसेल, तर अडॅप्टर व बॅटरी दोन्ही काढून पॉवरचे बटण सुमारे अर्धा मिनिट दाबून धरावे. कळफलक, पंखा आणि चार्जिंग यांवर देखरेख करणारी एम्बेडेड कंट्रोलर नावाची चिप कधीकधी अडकून पडते, आणि मदरबोर्डावर साठलेला उरलासुरला विद्युतभार निघून गेल्यावर ती नव्याने सुरू होते.

दिवे लागतात, पंखा फिरतो, पण पडदा काळाच राहतो, तेव्हा संशय प्रथम रॅमवर घ्यावा. डीडीआर३ जातीच्या लॅपटॉप-रॅमला २०४ संपर्कबिंदू असतात, आणि त्यांपैकी एखाद्यावर मळ साचला तरी स्वयंतपासणी अडू शकते. दमट हवेच्या प्रदेशात ही शक्यता अधिक. अनेक दुकानांत हे संपर्क खोडरबराने घासतात, मात्र त्यामुळे सोन्याचा अतिशय पातळ मुलामा झिजतो, तेव्हा आयसोप्रोपिल अल्कोहोल हाच योग्य मार्ग. त्यानंतरही यंत्र जागे झाले नाही, तर चालू असल्याची खात्री असलेली दुसरी रॅम लावून पाहावी, आणि एका वेळी एकच भाग बदलावा; दोन भाग एकदम बदलल्यास यंत्र सुरू होते खरे, पण दोष कोणाचा होता हे कायमचे अज्ञात राहते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारांत मोडीत निघालेल्या यंत्रांचे सुटे भाग मिळतात, आणि अशा चाचणीसाठी ते फार मोलाचे ठरतात.

पडद्याची परीक्षा याहून सोपी आहे. अंधाऱ्या खोलीत काळ्या पडद्यावर टॉर्चचा झोत तिरपा टाकल्यावर पुसट चित्र दिसले, तर पॅनेल जिवंत असून केवळ त्यामागची प्रकाशयोजना, म्हणजे बॅकलाइट किंवा तिचा पुरवठा, बंद पडला आहे असे समजावे. चित्र दिसले नाही तर बाहेरचा मॉनिटर जोडून पाहावा.

सर्वांत जास्त गैरसमज उष्णतेबद्दल आहेत, कारण हा दोष सॉफ्टवेअरचे सोंग घेऊन येतो. प्रोसेसरचे तापमान १०० अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचले की बहुतेक प्रोसेसर स्वसंरक्षणासाठी आपला वेग उतरवतात. मालकाला यंत्र हळू झाल्याचे जाणवते, आणि विंडोज पुन्हा टाकण्यात दिवस खर्ची पडतो. वास्तविक पंखा आणि हीटसिंकच्या पातळ पत्र्या यांच्या सांध्यात धूळ बसून तिचा नमद्यासारखा थर तयार झालेला असतो. बाहेरच्या जाळीतून हवा मारल्याने तो फारसा हलत नाही, पंखा मात्र बेसुमार वेगाने फिरून त्याचे बेअरिंग दुखावते. पंखा उघडून हा थर हाताने काढणे, प्रोसेसरवरची वाळून ठिसूळ झालेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावणे, हे काम तासाभराचे आहे, आणि ते नेटकेपणाने केल्यावर त्या यंत्राचा पंखा पुन्हा मंद चालू लागतो याइतके समाधान या व्यवसायात दुसऱ्या कशातही नाही.

टचपॅड उचलला गेला किंवा त्याचे क्लिक घट्ट झाले, तर खालची बॅटरी फुगली आहे असे धरून यंत्राचा वापर तत्काळ थांबवावा. ती टोचू नये, दाबू नये, कचऱ्यात न टाकता ई-कचरा संकलकाकडे द्यावी.

एका उपायाविषयी मात्र स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. ग्राफिक्स चिप निकामी झालेला मदरबोर्ड गरम हवेने तापवून जिवंत करण्याची प्रथा आहे. युरोपीय संघाचे शिसे-निर्बंध १ जुलै २००६ पासून लागू झाल्यावर १८३ अंशांवर वितळणाऱ्या शिसे-कथिलाच्या डाखाऐवजी सुमारे २१७ अंशांवर वितळणारा शिसेविरहित डाख रूढ झाला, आणि त्यामुळे चिपखालचे डाखच तडकतात अशी समजूत पसरली. परंतु अनेकदा दोष चिपच्या आतील सूक्ष्म जोडांत असतो, आणि तापवल्याने ते तात्पुरते जुळतात इतकेच. असे यंत्र काही आठवडे चालते. दुरुस्तीकाराने ते ‘दुरुस्त’ म्हणून परत देऊ नये. उरलेल्या अवधीत हार्ड डिस्कवरचा डेटा उतरवून घ्यावा, असे मालकाला आधीच सांगावे आणि त्या कामाचे पैसे मदरबोर्डाच्या दुरुस्तीचे म्हणून घेऊ नयेत.