झळाळीचा सोस

ड्रोनची चार सेलची, १५०० एमएएचची बॅटरी १सीने चार्ज करायची तर दीड अँपिअर करंट लागतो. त्यासाठी १२ गेजची सिलिकॉन वायर लावणं ही निव्वळ मिजास आहे, हे मला ठाऊक आहे. पॅरलल बोर्डावर तशा सहा बॅटऱ्या लावल्या तरी बेरीज ९ अँपिअरची. तेवढं १४ गेजही हसत पेलते. फूटभर केबलमध्ये १२ आणि १६ गेजचा फरक ९ अँपिअरला पडतो जेमतेम ४५ मिलिव्होल्टचा. त्यानंही चार्जर फसत नाही, कारण प्रत्येक सेलचं व्होल्टेज त्याला बॅलन्सच्या बारीक तारा परस्पर कळवत असतात. तरी मी १२च घेतो. ०.०८ मिलिमीटरच्या ६८० तारांची ती मऊ, जाडजूड वायर टेबलावर नुसती पडलेली असली तरी काम मोठं वाटतं.

पण वायर जितकी जाड, तितकी एक्सटी६० प्लगशी झटापट जास्त. तांब्याचा एवढा ऐवज सगळी उष्णता ओढून घेतो आणि पिनेच्या वाटीतलं सोल्डर थिजल्यासारखं बसून राहतं. टोकदार बिट लावून वाट बघत बसलात, तर वाटी तापायच्या आत मागचं पिवळं नायलॉन नरमतं आणि पिन केसभर कलते. जोडीचा प्लग खोचून ठेवला की पिन जागेवर राहते, हे सगळेच करतात. छिन्नीसारखा रुंद बिट, ६० वॅटचा आयर्न, वायर आधी पुरती टिन केलेली, वाटी अर्धी भरलेली. टेकवायचं, वायर आत सोडायची, बिट काढायचा. तीन-चार सेकंदांचा मामला. इथवर काही कठीण नाही.

कठीण आहे ते त्यापुढे. सगळ्यांच्या टेबलावर ६०/४०च्या सोल्डरचं रीळ असतं. ते साधारण १९० अंशांना पुरतं वितळतं, पण घट्ट होतं १८३ला. मधल्या सात अंशांत ते ना धड पातळ, ना धड घट्ट. छोट्या सांध्यात ही अवस्था कधी आली नि गेली कळतही नाही. एक्सटी६०च्या वाटीत मात्र ती चांगली रेंगाळते, आणि तेवढा वेळ वायर हलता कामा नये. जरा हलली की सांधा मळकट, खरबरीत होतो. माझा हात या सात अंशांत दगडासारखा थांबायचा. मी स्टँड वापरत नसे. वायर धरायला चिमटे लावणाऱ्यांकडे मी ज्या नजरेनं बघत असे, ती नजर आता आठवली तरी संकोच वाटतो. पण खोटं कशाला बोलू, थोडं सुखही वाटतं.

हल्ली हात कापतो. चहाच्या कपाला चालतं, वाटीतल्या सोल्डरला चालत नाही. माझ्याकडे शिकायला येणारी शेजारची पोर हे बरेच दिवस बघत असावी. एकदा तिनं तापकीर गल्लीतून ६३/३७चं रीळ आणून ठेवलं, काही न बोलता. हे सोल्डर बरोबर १८३ला वितळतं आणि तिथंच थिजतं. मध्ये काही नाही. हे मला कितीतरी वर्षं माहीत होतं. पण ६३/३७ म्हणजे हात नसलेल्यांची सोय, असं माझं मत. आता तेच वापरतो. सांधे स्वच्छ येतात, आणि त्यातले किती माझे नि किती रिळाचे, हे ठरवायचं मी टाळतो.

आमच्या ड्रोन उडवायच्या मैदानावर एक क्रिंपवाले आहेत. त्यांचं म्हणणं, सोल्डर वायरीत वर चढतं, तिथं ती ताठ होते आणि नेमकी तिथंच तुटते. म्हणून दाबून जोडावं. गाड्यांत, विमानांत तसंच करतात. त्यांचं म्हणणं खरं आहे, म्हणूनच ते मला सहन होत नाही. एक्सटी६०ला वाटीच दिली आहे, तिथं क्रिंप कुठं करणार, एवढं एकच हत्यार माझ्याकडे उरतं आणि ते मी प्रत्येक वेळी काढतो.

तयार केबलवाल्यांशी मात्र वादच नाही. ‘१२ गेज’ छापलेल्या वायरीत तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम निघतं. पातं घासलं की आतून पांढरं दिसतं. ९ फेब्रुवारी २०२२ला तयार परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी आली, सुटे भाग खुले राहिले. मला वाटलं, आता पोरं आयर्न हातात घेतील. काहींनी घेतला. बाकीच्यांनी सुटे भागही सोल्डर करूनच मागवले.

चकाकीचं माझं वेड जुनं. युरोपात २००६पासून बहुतेक इलेक्ट्रॉनिक मालाला शिशाचं सोल्डर बंद झालं. बिनशिशाचा उत्तम सांधाही मंदच दिसतो. म्हणजे चकाकीवर पारख करणारा तिथं नापास. ती पोर सांध्याकडे बघतच नाही. केबलमधून ५ अँपिअर सोडते, मीटरच्या सुया सांध्याच्या दोन्ही बाजूंना टेकवते आणि मिलिव्होल्ट वाचते. एक मिलिव्होल्टच्या आत असेल तर लगेच स्लीव्ह वर सरकवते, गरम हवा मारते, की सांधा झाकला.

“अगं थांब, बघू तर दे.”

“मोजलंय ना काका. बघून काय करायचंय?”

याला माझ्याकडे उत्तर नाही. माझ्या केबलींना मी पारदर्शक स्लीव्ह वापरतो. सांधा तडकला तर दिसावा म्हणून, असं मैदानावर सांगतो. लाल-काळी खूण नसल्यानं उलटी जोडणी होण्याची भीती त्यात जास्त, हे क्रिंपवाल्यांनी बरोबर हेरलं आहे. तरी बदलणार नाही. एवढा चांगला सांधा काळ्या नळीत घालायचा, तर मग त्यापायी घालवलेला संबंध रविवार कुणाला दाखवायचा?